‘द स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ (1957): पाहण्याआधी आणि पाहिल्यावर पडणारे प्रश्न

बिली वाइल्डर दिग्दर्शित आणि जेम्स स्टुअर्ट अभिनीत या चित्रपटाचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. काही चित्रपटाबद्दल असतात, काही वैमानिक चार्ल्स लिंडबर्गच्या खऱ्या उड्डाणाबद्दल, आणि काही त्या माणसाच्या पुढच्या वादग्रस्त आयुष्याबद्दल. माझं मत आधीच नोंदवून ठेवणं बरं. हा चित्रपट साहसकथा म्हणून विकला गेला, पण त्याचा खरा जीव दोनच गोष्टींत आहे: वजन आणि झोप. विमानात काय न्यायचं नाही आणि डोळे कसे उघडे ठेवायचे, एवढ्यावर त्या माणसाचं मरणं-जगणं ठरलं. हे लक्षात ठेवून पाहिला तर आज जवळपास सत्तर वर्षांनीही तो धरून ठेवतो.

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात काय?

20 मे 1927 च्या सकाळी 25 वर्षांचा एक टपाल-वैमानिक न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्डवरून एकटाच निघतो आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर उतरतो. मध्ये कुठेही थांबत नाही. चित्रपट सुरू होतो आदल्या रात्री: बाहेर पाऊस, हॉटेलच्या खाली पत्रकारांचा गोंगाट, आणि वरच्या खोलीत झोपायचा प्रयत्न करणारा लिंडबर्ग. तिथून गोष्ट मागे जाते. बर्फाच्या वादळातलं टपालाचं विमान, विमानासाठी पैसे उभे करण्याची धडपड, सॅन डिएगोतला कारखाना. मग पहाट होते आणि उड्डाण सुरू होतं.

कथेचा आधार लिंडबर्गचं त्याच नावाचं आत्मकथन आहे. ते 1953 मध्ये आलं आणि 1954 मध्ये त्याला चरित्र विभागातलं पुलित्झर मिळालं. पटकथा वाइल्डर आणि वेंडेल मेज यांची.

अटलांटिक विमानाने ओलांडणारा लिंडबर्ग पहिलाच होता ना?

नाही, आणि हा गैरसमज खूप पसरलेला आहे. 1919 च्या जूनमध्येच जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राउन हे दोघे न्यूफाउंडलंडहून निघून न थांबता आयर्लंडमधल्या क्लिफ्डनजवळ एका दलदलीत उतरले होते. लिंडबर्गचं वेगळेपण असं की तो एकटा होता आणि न्यूयॉर्क ते पॅरिस हे दोन महानगरांमधलं जवळपास 5,800 किलोमीटरचं अंतर त्याने एका दमात कापलं. अल्कॉक-ब्राउन यांच्या प्रवासापेक्षा हे अंतर खूपच मोठं होतं. न्यूयॉर्क-पॅरिस म्हटलं की उद्या तिकीट काढून आपणही जाऊ शकू असं सामान्य माणसाला पहिल्यांदा वाटलं. जगभर जो गजर झाला त्याचं मोठं कारण हेच.

हे बक्षिसासाठी केलेलं उड्डाण होतं का?

बक्षीस होतं. न्यूयॉर्कमधले हॉटेलवाले रेमंड ऑर्टिग यांनी 1919 मध्ये न्यूयॉर्क-पॅरिस न थांबता उडणाऱ्यासाठी 25,000 डॉलर जाहीर केले होते. काही वर्षं त्याकडे कोणी फिरकलं नाही, कारण तेवढं टिकणारं इंजिनच नव्हतं. 1926 पासून शर्यत लागली आणि माणसं मरू लागली. सप्टेंबर 1926 मध्ये पहिल्या महायुद्धातला फ्रेंच शूर वैमानिक रेने फाँक याचं तीन इंजिनांचं विमान रूझवेल्ट फील्डवरच उड्डाण घेताना कोसळून पेटलं. फाँक वाचला, बरोबरचे दोघे गेले. 26 एप्रिल 1927 ला नोएल डेव्हिस आणि स्टँटन वूस्टर हे दोन अमेरिकी नौदल अधिकारी चाचणी उड्डाणात मरण पावले. 8 मे रोजी नंजेसेर आणि कोली हे फ्रेंच वैमानिक पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघाले ते परत कोणालाच दिसले नाहीत.

नंजेसेर-कोली बेपत्ता झाले आणि पुढच्या बारा दिवसांत लिंडबर्ग निघाला. चित्रपटातल्या पत्रकारांच्या वागण्यात जी अधीरता आहे ती या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. ते एका उड्डाणाच्या बातमीसाठी जमले आहेत तसेच एका संभाव्य मृत्यूच्या बातमीसाठीही जमले आहेत.

इतर अनेकांकडे तीन इंजिनं होती आणि सोबती होते. हा एकटा, एका इंजिनावर का गेला?

चित्रपटातला मला सर्वांत भावणारा युक्तिवाद हाच. त्या काळी शहाण्यासुरत्या माणसांचं म्हणणं होतं की समुद्रावर जायचं तर तीन इंजिनं हवीत, एक बंद पडलं तर दोन आहेत. लिंडबर्गने हिशेब उलटा मांडला. इतक्या ओझ्यासह तीनपैकी एक बंद पडलं तर उरलेल्या दोघांवर विमान तगणार नाही, म्हणजे बंद पडण्याची शक्यता तिप्पट आणि फायदा शून्य. त्यापेक्षा एकच चांगलं इंजिन घ्यायचं, राइट व्हर्लविंड, 223 अश्वशक्तीचं, हवेने थंड होणारं. एकच माणूस बसवायचा, आणि सहवैमानिकाचं वजन वाचेल तेवढं पेट्रोल भरायचं.

आधी त्याने तयार विमान विकत घेण्याचा प्रयत्न केला. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीकडे बेलांका बनावटीचं उत्तम विमान होतं. सेंट लुईसच्या व्यापाऱ्यांनी दिलेला 15,000 डॉलरचा चेक घेऊन तो गेला, तर कंपनी म्हणाली विमान देतो, पण वैमानिक आम्ही ठरवू. चित्रपटात हा प्रसंग आहे आणि स्टुअर्टने तो फार संयमाने केला आहे. आवाज चढवत नाही, चेक उचलतो आणि बाहेर पडतो.

मग सॅन डिएगोतली रायन एअरलाइन्स ही छोटी कंपनी, तिचा मालक महोनी आणि अभियंता डोनाल्ड हॉल. करार फेब्रुवारी 1927 च्या अखेरीस झाला आणि 28 एप्रिलला ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ हे विमान पहिल्यांदा उडालं. दोन महिन्यांत एक नवं विमान! कारखान्याचा हा भाग चित्रपटात सगळ्यात प्रसन्न आहे. कारखान्यातच मासे तळत बसलेला मालक, जमिनीवर पसरलेले आराखडे, रात्रंदिवस राबणारी माणसं.

विमानाला समोरची काच नव्हती हे खरं का?

अगदी खरं. इंधनाची मोठी टाकी वैमानिकाच्या पुढे, इंजिन आणि त्याच्यामध्ये बसवली होती. टाकी मागे ठेवली असती तर अपघातात वैमानिक इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये चिरडला गेला असता. लिंडबर्गला ते नको होतं. त्याची किंमत अशी की समोर पाहायचं झालं तर विमान थोडं तिरकं करून बाजूच्या खिडकीतून डोकवायचं, किंवा एका छोट्या पेरिस्कोपमधून पाहायचं. पॅरिसला रात्री उतरतानाही हीच तऱ्हा.

रेडिओ नव्हता, पॅराशूट नव्हतं. ही बेफिकिरी नव्हे का?

उलट आहे. लिंडबर्गला पॅराशूटची किंमत इतर कोणापेक्षाही जास्त माहीत होती, कारण या उड्डाणाआधी चार वेळा त्याने विमानातून उडी मारून जीव वाचवला होता. तरीही नऊ-दहा किलोचं ते ओझं त्याने ठेवलं नाही. भर समुद्रात पॅराशूटने उतरून जायचं कुठे? त्या काळचे रेडिओ जड आणि बेभरवशाचे, तेही नाही. टाकीत किती पेट्रोल उरलं हे दाखवणारे काटे नाहीत. नकाशांच्या नको त्या कडा त्याने कापून टाकल्या, वहीची नको ती पानं फाडली. बसायला वेताची खुर्ची. खायला पाच सँडविच.

निघताना विमानाचं एकूण वजन सुमारे 2,330 किलो होतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त नुसतं पेट्रोल होतं, 1,700 लिटर. इतकं वजन घेऊन ते विमान त्याआधी एकदाही उडालं नव्हतं. पहिला प्रयोग थेट त्या सकाळी, पावसाने चिखल झालेल्या धावपट्टीवर. म्हणूनच उड्डाणाचा प्रसंग वाइल्डरने एवढा लांबवला आहे. चिखलात रुतणारी चाकं, पंखांना धरून ढकलणारी माणसं, उचलता उचलता पुन्हा जमिनीला टेकणारं विमान, आणि धावपट्टीच्या टोकाला टेलिफोनच्या तारा. विमान तारांवरून गेलं, जेमतेम सहा मीटर अंतराने. शेवट सगळ्यांना माहीत असूनही हा प्रसंग पाहताना मी दर वेळी खुर्चीच्या कडेवर येतो.

काटे नव्हते तर पेट्रोलचा हिशेब कसा ठेवला?

पेन्सिलीने. कोणत्या टाकीवर किती तास गेले याच्या रेघा तो समोरच्या फळीवर मारत होता. पाच टाक्या होत्या आणि विमानाचा तोल राहावा म्हणून त्या आळीपाळीने वापरायच्या होत्या. पॅरिसला उतरल्यावर टाक्यांत सुमारे 320 लिटर पेट्रोल शिल्लक निघालं. एवढी काटकसर करूनही हिशेबात चुकभुलीला जागा ठेवली होती, हे विशेष.

दिशेचा हिशेबही असाच. रेडिओ नाही, ताऱ्यांवरून जागा ठरवण्याची साधनं नाहीत. सॅन डिएगोच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून त्याने पहिलं अंतर मोजलं होतं. मग शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडून प्रत्येकासाठी होकायंत्राची दिशा लिहून काढली. दर तासाला दिशा थोडी बदलायची, वाऱ्याचा अंदाज लाटांवरून घ्यायचा. आयर्लंडचा किनारा दिसला तेव्हा तो ठरलेल्या मार्गापासून फक्त चार-पाच किलोमीटर बाजूला होता. त्यात नशिबाचा हात होता हे त्याने स्वतःही मान्य केलं आहे.

सव्वादोन तास एकच माणूस एका खोक्यात बसलाय. कंटाळा येत नाही का?

पहिल्यांदा पाहणाऱ्याला मधला भाग संथ वाटू शकतो. वाइल्डरसमोर खरंच अवघड पेच होता. तो संवादांचा बादशहा, आणि इथे बोलायला दुसरं माणूसच नाही. त्याने तीन मार्ग काढले: मनातलं बोलणं आवाजात ऐकवायचं, मध्ये मध्ये जुने प्रसंग घालायचे, आणि कॉकपिटमध्ये एक माशी सोडायची.

जुन्या प्रसंगांपैकी काही फार छान आहेत. पहिलं जुनं विमान विकत घेणं, गावोगाव लोकांना पैसे घेऊन आकाशात फिरवणं, विमान शिकायला आलेले आणि उतरताना देवाचा धावा करणारे फादर हुसमन. काही मात्र फक्त वेळ भरायला आल्यासारखे वाटतात. सैन्यातल्या विनोदी जागा मला आजही ओढूनताणून आणलेल्या वाटतात. उड्डाणाच्या ताणात असताना अचानक हसवायला लावलं की ताण सैल पडतो आणि पुन्हा घट्ट करायला दिग्दर्शकाला मेहनत घ्यावी लागते.

झोपेचा मुद्दा इतका मोठा का?

पुण्याहून नागपूरला रात्रभर गाडी चालवत गेलेल्या कोणालाही पहाटे तीन ते पाचचा काळ ठाऊक असतो. डोळे उघडे असतात आणि रस्ता दिसत नसतो. लिंडबर्ग आदल्या रात्री जवळजवळ झोपलाच नव्हता, आणि पुढे साडेतेहतीस तास. म्हणजे पॅरिसला पोहोचेपर्यंत तो दोन दिवसांहून अधिक काळ जागा होता.

इथे विमानाची एक खोड त्याच्या कामी आली. घाईत पंख मोठे केले, पण शेपटी जुन्या मापाचीच ठेवली होती. त्यामुळे विमान अस्थिर झालं. दांड्यावरचा हात सैल झाला की ते एका बाजूला कलायचं. शांत, स्थिर विमानात तो कदाचित गाढ झोपून गेला असता. या विमानाने त्याला झोपू दिलं नाही. बाजूच्या खिडक्यांना काचा बसवल्या असत्या तर वेग थोडा वाढला असता, पण त्याही त्याने लावल्या नाहीत, तोंडावर थंड वारा हवा म्हणून. कधी लाटांच्या इतकं जवळ उतरायचा की खारं पाणी तोंडावर यावं. कधी बोटांनी पापण्या उघड्या धरायचा.

स्टुअर्टचं काम मला इथेच सर्वांत आवडतं. झोपाळू माणूस दाखवणं सोपं असतं, जांभई दिली की झालं. स्टुअर्ट दाखवतो तो झोपेशी तडजोड करणारा माणूस. डोळे मिटतात, चेहरा सैल पडतो, जबडा उघडतो, आणि मग एकदम दचकून तो स्वतःवर चिडतो. डोळ्यांचा पांढरा भाग, सुकलेले ओठ, आपल्याच आवाजाने जागं राहण्याचा प्रयत्न. कॅमेरा इतका जवळ आहे की लपायला जागाच नाही.

ती माशी खरंच होती का?

माशी हे चित्रपटाचं साधन आहे, नायकाला बोलायला कोणीतरी हवं म्हणून. आत्मकथनात त्या तासांचं वर्णन जास्त विलक्षण आहे. झोपेच्या टोकाला लिंडबर्गला आपल्या पाठीमागे कॉकपिटमध्ये आकृत्या जाणवू लागल्या. त्या त्याच्याशी बोलत होत्या, मार्गाबद्दल सल्ला देत होत्या, आणि त्याला त्यांची भीती वाटली नाही. 1927 मध्ये घाईने लिहिलेल्या पहिल्या पुस्तकात याबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. जवळपास पंचवीस वर्षांनी लिहिलं.

वाइल्डरने हे चित्रपटात आणलं नाही याची मला मनापासून खंत वाटते. त्या काळच्या स्टुडिओला नायकाला भास होताना दाखवणं रुचलं नसतं, हे समजतं. पण या दिग्दर्शकाच्या हातात तो प्रसंग काय झाला असता! माशी गोड आहे, तिच्याशी होणारं बोलणं ऐकायला मजा येते, तरी त्या आकृत्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

आरसा देणाऱ्या मुलीची गोष्ट?

तिला मुळात खरा आधार आहे. होकायंत्र लिंडबर्गच्या डोक्याच्या मागे वर बसवलेलं होतं, त्यामुळे ते वाचायला आरसा हवा होता. निघण्याआधी गर्दीतल्या एका तरुणीने आपल्या पावडरच्या डबीतला छोटा आरसा दिला आणि तो च्युइंगगमने चिकटवला गेला. चित्रपटाने यातून एक अख्खा हळवा प्रसंग उभा केला आणि पुढे त्या आरशाला मोठं काम दिलं. नायकाला डुलकी लागते, विमान समुद्राकडे घसरू लागतं, आणि आरशावरून परावर्तित झालेलं ऊन त्याच्या डोळ्यांवर पडतं. हा भाग सिनेमाचा. बेतलेला असला तरी तो बसतो, कारण वजन वाचवण्यासाठी सगळं टाकून देणाऱ्या माणसाला एका अनोळखी मुलीने दिलेली चार तोळ्यांची वस्तू वाचवते.

सत्तेचाळिशीतल्या स्टुअर्टने पंचविशीतला लिंडबर्ग करायला नको होता, नाही का?

वयाचा आक्षेप बरोबर आहे. केस सोनेरी रंगवले, अंग उतरवलं, तरी वय लपत नाही, विशेषतः सैन्यात शिकतानाच्या प्रसंगांत. निर्मात्यांनाही हीच शंका होती. भूमिका स्टुअर्टने स्वतः मागून घेतली.

मागण्यामागे कारण होतं. 20 मे हा स्टुअर्टचा वाढदिवस. लिंडबर्ग निघाला त्या दिवशी तो 19 वर्षांचा झाला. पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना गावात वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्या दुकानाच्या दर्शनी काचेत त्याने देखावा मांडला होता आणि बातम्या येतील तसं छोटं विमान पुढे सरकवत होता. पुढे तो स्वतः वैमानिक झाला, दुसऱ्या महायुद्धात युरोपवर बॉम्बफेकी विमानातून 20 मोहिमा केल्या आणि साध्या शिपायापासून कर्नलपर्यंत पोहोचला.

म्हणून माझा कौल स्टुअर्टच्या बाजूने आहे. कॉकपिटमध्ये त्याचे हात पाहा. कोणता दांडा कधी, किती जोराने, हे तो आठवून करत नाही, हातच जाणतात. पंचविशीतला एखादा देखणा नट चेहऱ्याने जास्त शोभला असता, पण हे हात त्याच्याकडे नसते.

चित्रपटात उडणारं विमान खरंच लिंडबर्गचं आहे का?

नाही. मूळ विमान 1928 पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. चित्रपटासाठी त्याच काळातली रायन ब्रूम जातीची विमानं मिळवून त्यांत बदल करून तीन प्रतिकृती बनवल्या गेल्या आणि त्या खरोखर उडत होत्या. हवाई चित्रीकरणाची धुरा पॉल मँट्झ या निष्णात वैमानिकाकडे होती. न्यूफाउंडलंड, आयर्लंड, फ्रान्स असं मूळ मार्गावर जाऊन चित्रीकरण झालं. खाली दिसणारी आयर्लंडची हिरवी शेतं आणि मासेमारी करणारी गावं ही खरी आहेत, आणि दिवसभराच्या करड्या पाण्यानंतर ती समोर येतात तेव्हा डोळ्यांना विसावा मिळतो. रूझवेल्ट फील्ड मात्र तोवर उरलं नव्हतं. तिथे खरेदीचं मोठं संकुल उभं राहत होतं.

संगीताबद्दल कोणी बोलत नाही. ते कसं आहे?

फ्रान्झ वॅक्समनचं आहे आणि भारदस्त आहे. काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त वाजतं. नुसता इंजिनाचा आवाज असलेल्या जागा मला अधिक परिणामकारक वाटतात. तो आवाज तासन्‌तास एकसुरी चालतो आणि जरा अडखळला की आपलाही श्वास अडखळतो.

चित्रपट चालला का?

पडला. खर्च साठ लाख डॉलरच्या आसपास गेला, वेळापत्रक कोलमडलं, आणि प्रेक्षक आले नाहीत. वॉर्नर स्टुडिओच्या प्रमुखांनी त्याला आपल्या सर्वांत वाईट अपयशांत धरलं. 1957 मधल्या तरुण प्रेक्षकाला लिंडबर्ग फारसा माहीतच नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात त्याच्याविषयी कडवटपणा होता. ऑस्करसाठी फक्त स्पेशल इफेक्ट्सचं नामांकन मिळालं.

कडवटपणा कशाबद्दल? लिंडबर्गचं पुढचं आयुष्य चित्रपटात का नाही?

चित्रपट 1927 मध्येच थांबतो, न्यूयॉर्कमधल्या मिरवणुकीवर. त्यानंतर पाच वर्षांनी, 1932 मध्ये, लिंडबर्ग पती-पत्नीच्या तान्ह्या मुलाचं अपहरण आणि खून झाला आणि सगळ्या अमेरिकेने त्यांच्यासाठी हळहळ व्यक्त केली. पण त्यानंतरचं वागणं वेगळं आहे. 1938 मध्ये त्याने हिटलरचा हवाई दलप्रमुख हर्मन गोरिंग याच्या हातून नाझी सरकारचं पदक स्वीकारलं. अमेरिकेने युद्धात पडू नये म्हणून तो देशभर भाषणं देत फिरला आणि सप्टेंबर 1941 मध्ये अमेरिकेतल्या डे मॉइन शहरात त्याने देशाला युद्धात ढकलणाऱ्यांमध्ये ब्रिटिश, रूझवेल्ट सरकार आणि ज्यू यांची नावं घेतली. तोपर्यंत युरोपात काय चाललं आहे हे पुरेसं उघड झालं होतं. पुढे पॅसिफिकमध्ये त्याने नागरिक म्हणून लढाऊ मोहिमांत विमानं उडवली, पण ते भाषण पुसलं गेलं नाही, आणि पुसलं जाऊही नये.

आता दिग्दर्शक कोण, ते पाहा. बिली वाइल्डर हा ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये बर्लिन सोडून पळालेला. त्याची आई नाझींच्या संहारात मारली गेली. हा माणूस लिंडबर्गवर चित्रपट करायला का तयार झाला, याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. पण लिंडबर्गच्या खासगी आयुष्यात शिरायची मोकळीक आपल्याला नव्हती, पुस्तकाबाहेर जाता येत नव्हतं, अशी तक्रार तो पुढे करत राहिला. मला वाटतं ती अडचण पडद्यावर दिसते. एरवी माणसाच्या आत शिरून त्याची लबाडी, भीती, हाव बाहेर काढणारा हा दिग्दर्शक इथे दाराबाहेर थांबलेला आहे. आपला नायक आपल्याला शेवटपर्यंत नीटसा कळत नाही. त्याच्या हिशेबीपणाची, चिकाटीची ओळख होते, बाकी माणूस बंदच राहतो.

चित्रपट पाहू नये का? पाहावा, पण हे माहीत असून पाहावा. तेहतीस तासांची कामगिरी खरी आहे आणि ते भाषणही खरं आहे. एकाने दुसरं झाकलं जात नाही.

या सगळ्याचा भारताशी काही संबंध आहे का?

चित्रपटाचा नाही. पण एकट्याने लांब उडण्याचं वारं इथेही पोहोचलं. 1929 मध्ये आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस जाहीर केलं. 1930 मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले आणि अ‍ॅस्पी इंजिनिअर हा कोवळ्या वयाचा वैमानिक उलट दिशेने. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पीचं विमान स्पार्क प्लगसाठी अडकलं होतं. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग दिले, आणि अ‍ॅस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

जेआरडींचं बालपण काही काळ फ्रान्समध्ये आर्देलो येथे गेलं. इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरियो तिथले शेजारी. 1927 मध्ये पॅरिसला पोहोचलेल्या लिंडबर्गचं स्वागत करणाऱ्यांतही ब्लेरियो होते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन एका इंजिनाच्या पस मॉथ विमानात मुंबईच्या जुहूला उतरले. लिंडबर्गही त्या उड्डाणाआधी सेंट लुईस ते शिकागो टपालाची विमानंच चालवत होता. म्हणून चित्रपटातला बर्फातल्या टपाल-विमानाचा प्रसंग मला जुहूची आठवण करून देतो.

मूळ विमानात पाहण्यासारखं काय आहे?

वॉशिंग्टनला गेलात तर राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात ते पाहता येतं. पुढे गोल चकचकीत नाक आणि त्यात काच नाही, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या माणसाने काय पत्करलं होतं ते जास्त कळतं. पंख्याच्या मूळ नाकटोपीच्या आतल्या बाजूला रायनच्या कारागिरांनी आपली नावं लिहिली होती आणि शुभचिन्ह म्हणून स्वस्तिक काढलं होतं. तेव्हा अमेरिकेतही ते शुभचिन्ह म्हणूनच सर्रास काढलं जाई.

चित्रपटासाठी बनवलेल्या प्रतिकृतीही जपून ठेवल्या आहेत: सेंट लुईस, लाँग आयलंड आणि डिअरबॉर्न इथल्या संग्रहालयांत.

मुलांबरोबर पाहता येईल का?

दहा-बारा वर्षांपुढची, यंत्रांची आवड असलेली मुलं असतील तर नक्की. हिंसा नाही, भडकपणा नाही. एका बैठकीत सव्वादोन तास जमणार नसतील तर विमान धावपट्टीवरून सुटल्यावर थांबा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी लावा. शक्यतो मोठ्या पडद्यावर, कारण तो सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या तंत्रात चित्रित केला आहे आणि फोनवर समुद्र नुसता करडा पट्टा दिसतो. मुलांच्या हातात पृथ्वीचा गोल आणि दोरा द्या. न्यूयॉर्क ते पॅरिस दोरा ताणून धरला की तो न्यूफाउंडलंडवरून का जातो, हा प्रश्न ती स्वतःच विचारतील.

आधी पुस्तक वाचावं की चित्रपट पाहावा?

आधी चित्रपट. पुस्तक जाडजूड आहे, तासागणिक लिहिलेलं आहे, आणि त्यातला बाविसाव्या-तेविसाव्या तासाच्या आसपासचा, त्या आकृत्यांचा भाग चित्रपटात कुठेच नाही. चित्रपट पाहून कॉकपिटची मांडणी डोळ्यांसमोर पक्की झाली की ती पानं वाचताना खुर्ची, आरसा, पेन्सिलीच्या रेघा सगळं जागच्या जागी दिसतं.